नऊ दाबा

मागच्या पंधरवड्यात गावी जाऊन आलो. गाव म्हणजे हिवरखेड. मोर्शीकडचं नव्हे, ते संत्र्यांचं. आमचं तेल्हारा तालुक्यातलं, अकोटच्या पुढचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. हा खुलासा मला दर वेळी करावा लागतो, कारण बायकोकडची मंडळी अमरावतीची आणि त्यांना हिवरखेड म्हटलं की मोर्शीच आठवतं. असो.

काकाजींच्या घराला रस्त्याच्या बाजूला एक लहानशी खोली आहे. आठ बाय दहा असेल. त्या खोलीत प्रिंटर ज्या फळीवर ठेवलाय, ती फळी खालून पिवळी आहे. मी खाली वाकून पाहिलं तर काळ्या अक्षरात 'एसटीडी आयएसडी पीसीओ'. काकाजींच्या बूथची पाटी! उलटी करून, खाली दोन अँगल ठोकून, तिची फळी केली होती.

"फेकाची कायले?" काकाजी म्हणाले. "चांगला पत्रा हाये."

आता हे काकाजींचं बूथ प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरातल्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल, तुम्ही तो माझ्याइतकाच पाहिलाय.

काकाजींचा एक पाय लहानपणी पोलिओनं गेला. शेतीची कामं होईनात. नव्वदच्या दशकात पीसीओ देताना अपंगांना प्राधान्य होतं, त्यात १९९३ साली त्यांना बूथ मिळाला. काचेची केबिन, लाल आकड्यांचं मीटर, आणि बोलणं संपलं की कर्र कर्र करत चिठ्ठी काढणारं मशीन. रात्री अकरानंतर पाव चार्ज लागायचा, म्हणून दिवसभर ओस असलेली ती खोली रात्री अकराला भरायची. कापसाचे भाव विचारणारे, सुरतेला गेलेल्या पोराची खबर घेणारे, पुण्यात शिकणाऱ्या मुलाला 'पैसे पाठवले' एवढंच सांगायला आलेले. बाहेर बाकड्यावर रांग, आणि काकाजी वहीत नंबर लिहून एकेकाला हाक मारणार.

शिवाय अर्ध्या गावाचा पीपी नंबर काकाजींचा. (नव्या पिढीसाठी: पीपी नंबर म्हणजे स्वतःकडे फोन नसेल तर शेजाऱ्याचा द्यायचा तो नंबर.) फोन आला की मला पळवायचे. "जा बरं, त्याइले बलाव, म्हना दहा मिनिटात पुन्हा येते फोन." मी गावातले सगळे बोळ त्या पळापळीत शिकलो. कोणाच्या घरी काय बातमी आली हे काकाजींना त्या घराच्या आधी कळायचं, आणि त्यांनी ते कधी कोणाला सांगितलं नाही. काकूलाही नाही. काकूचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही.

मग मोबाइल आले. २००३ च्या जुलैत रिलायन्सनं पाचशे एक रुपयात हँडसेट हातात द्यायला सुरुवात केली, त्याच वर्षी इनकमिंग फुकट झालं. तरी काकाजी तग धरून होते, कारण मोबाइलवरून एसटीडी महाग होतं. पण १ मार्च २००६ ला बीएसएनएलनं 'वन इंडिया' आणलं, देशात कुठंही एक रुपयात. त्यानंतर रात्री अकराची रांग काही आली नाही. पुढच्या वर्षी काकाजींनी केबिनची काच विकली. त्यात काकूनं भांड्यांचं कपाट करून घेतलं ती गोष्ट वेगळी.

त्यांना तेव्हा कोणी 'नोकरी गेली' असं म्हटलं नाही. बूथ बंद पडला, एवढंच. पेपरात काही आलं नाही. देशभर लाखांनी असे बूथ होते, म्हणजे लाखांनी काकाजी असणार. एकेक करून, काही आवाज न करता, सगळे उठून गेले.

तर या काकाजींची मुलगी. नाव लिहिलं तर माझ्यावर ओरडेल, म्हणून धाकटी म्हणतो, घरात आम्ही तेच म्हणतो. अकोटला बीए झाली आणि २०११ साली पुण्याला आली. माझ्याच खोलीवर पंधरा दिवस होती, मग पोरींच्या हॉस्टेलला गेली. नोकरी लागली कॉल सेंटरमध्ये. एका मोबाइल कंपनीचं काम दुसऱ्याच एका कंपनीनं घेतलेलं, त्यात मराठी प्रोसेस. बाहेरच्यांना कॉल सेंटर म्हटलं की रात्रीची गाडी, अमेरिकन उच्चार आणि नाव बदललेली पोरं आठवतात. तसलं काही नाही. ही आपल्याच लोकांचे फोन घ्यायची. 'महाराष्ट्र व गोवा' सर्कल. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत.

गंमत अशी की ज्या मोबाइलनं बापाचा बूथ बसवला, त्याच मोबाइलच्या धंद्यातून लेकीचा पगार निघाला. सुरुवातीला साडेसात हजार. काकाजींना यात काही विचित्र वाटलं नाही. उलट ते गावात सांगायचे, "आमची पोट्टी फोनवरच हाये." म्हणजे जणू घरचाच धंदा पुढे चालवतेय!

आमच्या घरात नोकरीवर गेलेली ती पहिली बाई. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण तिच्या पगारातून धाकट्या भावाचं आयटीआय झालं, काकूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि घराच्या मागच्या भिंतीला प्लास्टर लागलं. बीएला पन्नास टक्के, इंग्रजी जेमतेम, कॉम्प्युटर अकोटच्या क्लासात शिकलेला, अशा पोरीला महिन्याच्या महिन्याला बँकेत पगार देणारी दुसरी जागा कोणती होती? मला तरी आठवत नाही. तिला पगार मिळत होता तो मराठी बोलण्याचा. मराठीतून एमए झालेल्यांनाही तो सहजासहजी मिळत नाही.

अर्थात कोणतं मराठी, हा प्रश्न होताच. ट्रेनिंगमध्ये तिचं 'मले-तुले' घासून काढलं. 'हो नं बाप्पा' म्हटलं म्हणून एकदा तिचे क्वालिटीचे गुण कापले. पलीकडचा माणूस बार्शीटाकळीचा होता आणि ते ऐकून खूश झाला होता, पण कॉल ऐकून गुण देणारा बार्शीटाकळीचा नव्हता.

काम कसं होतं तेही सांगतो, नाहीतर मी फार गोड लिहितोय असं वाटेल. दिवसाला शंभरावर कॉल. एक संपला की कानात बीप, दुसरा सुरू. बाथरूमला जायचं तर घड्याळ लावून. घसा बसायचा. शिव्या तर रोजच्या. तेव्हा काही कंपन्या कस्टमर केअरच्या माणसाशी बोलायचे तीन मिनिटांना पन्नास पैसे घ्यायच्या. जुन्या ट्रंक कॉलचा हिशेबही तीन मिनिटांचाच असायचा, हे काकाजींनी लक्षात आणून दिलं. म्हणजे बॅलन्स का कापला हे विचारायला फोन करायचा आणि त्यात आणखी पन्नास पैसे कापून घ्यायचे. आणि त्याबद्दल शिव्या खायच्या धाकटीनं!

सगळ्यात जास्त फोन त्याचेच असायचे. 'माझे तीस रुपये कुठे गेले?' कॉलर ट्यून, क्रिकेटचा स्कोअर, रोजचं राशिभविष्य. चुकून एक बटण दाबलं की चालू. २०१३ मध्ये ट्रायनं दोनदा होकार घ्यायचा नियम केला तेव्हा असले फोन कमी झाले. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि सगळं चित्रच पालटलं. महिन्याचं एकदा भरा, हवं तेवढं बोला. आता बॅलन्सच नाही, तर कापणार काय? तक्रारच नाहीशी झाली. धाकटी म्हणते की त्या दिवाळीत पहिल्यांदा दोन कॉलच्या मधे तिला श्वास घ्यायला वेळ मिळाला, आणि तिला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा अर्थ तिला नंतर कळला.

कारण पाठोपाठ ॲप आलं. आणि तिच्या स्क्रिप्टमध्ये, प्रत्येक कॉलच्या शेवटी, एक वाक्य आलं: "सर, आपण आमचं ॲप डाउनलोड केलंय का? पुढच्या वेळी आपल्याला फोन करायची गरजच पडणार नाही."

हे वाक्य म्हणणं सक्तीचं. न म्हटलं तर गुण कापणार. म्हणून झालं की एसएमएसनं लिंक पाठवायची आणि पलीकडच्यानं ती उघडली की तिच्या खात्यावर नोंद. धाकटी यात हुशार निघाली. बूथवाल्याची पोरगी ती, तिला माणसाला समजावता येतं. "काका, चष्मा लावा. हिरवं चित्र दिसलं का? त्याच्यावर बोट ठेवा. नाही, दाबून धरू नका, नुसतं ठेवा." अशी ती म्हाताऱ्यांना शिकवायची. २०१७ मध्ये एका महिन्यात तिनं तिच्या मजल्यावर सर्वांत जास्त लिंका उघडून घेतल्या. तिला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं.

मग कंपन्याच कमी होत गेल्या. २०१७ च्या डिसेंबरात रिलायन्स कम्युनिकेशन्सची फोनसेवा थांबली, पुढच्या वर्षी एअरसेल बुडाली, टेलिनॉर एअरटेलमध्ये गेली, ऑगस्टमध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. प्रत्येक बातमीनंतर कॉल सेंटरांच्या त्या इमारतींमधल्या कुठल्या ना कुठल्या मजल्यावरचे दिवे जायचे. धाकटीच्या मजल्यावर आधी एक रांग रिकामी झाली, मग दुसरी. कोणाला काढत नव्हते हं. जो सोडून जाईल त्याच्या जागी कोणी येत नव्हतं. २०१९ च्या फेब्रुवारीत टीमलीडरनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की प्रोसेस 'रॅम्प डाउन' होतेय. दुसऱ्या शहरात हिंदी प्रोसेसला जायचं असेल तर जागा आहे, नाहीतर राजीनाम्याचा नमुना टेबलावर ठेवलाय, सही करा. म्हणजे कागदोपत्री कोणाचीच नोकरी गेली नाही. सगळ्यांनी आपापल्या मर्जीनं सोडली.

तिचा पगार तेव्हा सोळा हजार होता. आठ वर्षांत सगळ्यात जास्त.

आता माझी गोष्ट. ही मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. लपवण्यासारखं त्यात काही होतं असं वाटायचं नाही, पण सांगितलीही नाही, म्हणजे कुठेतरी वाटत असणार.

मी त्या काळात पुण्यातच एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होतो. आमचं गिऱ्हाईक इंग्लंडातली एक वीज आणि गॅस पुरवणारी कंपनी. आम्ही त्यांची वेबसाइट करत होतो: मीटर रीडिंग स्वतः भरा, बिल स्वतः पाहा, घर बदललं तर पत्ता स्वतः बदला. दर महिन्याला तिकडून एक तक्ता यायचा आणि त्यात एक रकाना असायचा, टाळलेल्या कॉलचा. किती लोकांनी फोन केला असता पण केला नाही, आणि त्यामुळे किती पौंड वाचले. तो आकडा वाढला की आम्ही खूश. फोन नंबर कुठे ठेवायचा यावर एकदा दोन तासांची मीटिंग झाली होती. वर ठेवला की लोक फोन करतात. म्हणून तो तीन पानं आत, सर्वांत खाली, बारीक अक्षरात गेला. तो तिथे नीट दिसतो की नाही, म्हणजे खरं तर नीट *न* दिसतो की नाही, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. त्या रकान्यानं एक मोठा आकडा ओलांडला तेव्हा ऑफिसात केक कापला. तारखा मी जुळवून पाहिलेल्या नाहीत, पण साल २०१९ च.

इंग्लंडातल्या त्या गावांमध्ये फोन घेणाऱ्या बायका असणारच की. त्यांच्याही घराच्या मागच्या भिंती असणार. मी कधी विचार केला नाही.

या वेळी गावी गेलो तेव्हा रात्री गच्चीवर बसलो होतो आणि मी हे धाकटीला सांगून टाकलं. मला वाटलं ती चिडेल, निदान गप्प तरी बसेल. ती हसायलाच लागली.

"मंग? मी काय करून राह्यली होती? मी बी तेच करत होती नं दादा. येक येक गिऱ्हाईक धरून सांगे, पुन्हा फोन करू नका म्हून. तुले केक भेटला, मले घड्याळ भेटलं."

यावर मला काही बोलता आलं नाही.

थोड्या वेळानं तीच म्हणाली की वाईट ॲपचं नाही. रिचार्ज करायला कोणी फोन का करावा? तिला मान्य, मलाही मान्य. माझे बाबा लाइट बिल भरायला अर्धा दिवस रांगेत उभे राहायचे, मी चहा उकळेपर्यंत भरतो. त्या रांगेची आठवण काढून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. पण तिनं एक गोष्ट सांगितली ती आमच्या त्या तक्त्यात कुठेच नव्हती. सोपे फोन हा त्यांचा दम घ्यायचा वेळ असायचा. 'माझा प्लॅन कधी संपतो', 'इंटरनेट कसं चालू करू', असे दहा फोन झाले की अकरावा रडणाऱ्याचा किंवा शिव्या देणाऱ्याचा आला तरी निभायचा. ॲपनं सोपे फोन तेवढे उचलून नेले. उरले ते सगळे अवघड. आणि मिनिटांचं टार्गेट मात्र जुनंच राहिलं, सोप्या फोनांच्या काळातलं. शेवटच्या वर्षभरात तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसणारी पोरगी जेवणाच्या सुट्टीत रोज रडायची म्हणे.

जगात पुढे काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. २०२३ च्या जुलैत बंगळुरूच्या 'दुकान' नावाच्या कंपनीच्या मालकानं स्वतःहून जाहीर केलं की ग्राहकांशी बोलणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांना काढून चॅटबॉट बसवला. २०२४ च्या फेब्रुवारीत स्वीडनच्या क्लार्नानं सांगितलं की त्यांचा बॉट सातशे माणसांचं काम करतो. त्यानंतर दोन महिन्यांनी आपल्या टीसीएसचे प्रमुख कृतिवासन म्हणाले की आदर्श परिस्थितीत फोन घेणारी कॉल सेंटरं अगदी नाममात्रच लागावीत. आदर्श! २०२५ मध्ये क्लार्नाच्याच प्रमुखांनी कबूल केलं की काटकसरीच्या नादात दर्जा घसरला, आणि पुन्हा माणसं घ्यायला लागले. तोवर ते सातशे कुठे गेले असतील देव जाणे.

धाकटी २०१९ मध्येच गावी परत आली. लग्नाचं काही जमत नव्हतं, तो वेगळा विषय आहे आणि काकू हे वाचते. लॉकडाउन उठल्यावर तिनं बूथच्या त्या खोलीत ऑनलाइन सेंटर टाकलं. सातबारा, दाखले, फॉर्म, झेरॉक्स. पिकांची ई-पीक पाहणी २०२१ मध्ये आली, ती मोबाइलवर स्वतः करायची असते, पण लोक तिच्याकडेच मोबाइल घेऊन येतात. मधे दोन महिने तिनं घरबसल्या आणखी एक काम केलं. फोनवरची रेकॉर्ड केलेली मराठी संभाषणं ऐकायची आणि बोलणारा रागात आहे, काळजीत आहे की खूश आहे, ते लिहायचं. मशीनला शिकवण्यासाठी. सोडून का दिलं विचारलं तर म्हणाली, "वऱ्हाडातला मानूस साधा बोलला तरी वरचा सायब म्हने हा राग हाये. त्याच्यासंग कोन भांडत बसीन?"

त्या सेंटरमधून किती सुटतं हे मी विचारलं. सोळा हजार सुटत नाहीत.

मी मागे एकदा तिथे पूर्ण रात्र बसलो होतो, २०२४ च्या पोळ्याला. ते सांगतो आणि थांबतो.

तेव्हा एक रुपयात पीक विमा होता. २०२३ च्या खरिपात सुरू झाला आणि २०२५ च्या खरिपाआधी बंदही झाला. त्यात अशी अट होती की शेतात पाणी साचून नुकसान झालं तर बहात्तर तासांच्या आत कळवायचं. ॲपवरून, किंवा टोल फ्री नंबरवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी पाऊस लागला तो थांबेचना. सोयाबीन पाण्यात, कपाशी पिवळी. लोकांनी ॲप उघडलं. शेतात उभं राहून फोटो काढायचा, तर रेंज नाही. बांधावर येऊन काढला तर ते म्हणे जागा जुळत नाही. सगळं जुळलं तर ओटीपी येईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोलीत आणि बाहेर मिळून एकोणीस जण. बैल धुऊन, सजवून गोठ्यात बांधलेले, आणि मालक इथे.

धाकटीनं टोल फ्री लावला. 'मराठीसाठी दोन दाबा.' 'आमच्या प्रतिनिधीशी बोलण्यासाठी नऊ दाबा.' नऊ दाबलं की तेच गाणं, आणि वीस मिनिटांनी कट. पुन्हा. पुन्हा कट. एक जण म्हणाला जाऊ दे वं बाई, एका रुपयाचा तर इमा हाये. धाकटीनं फोन खाली ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. तेच घड्याळ, जिथे पूर्वी मीटर होतं त्याच्या वर लावलेलं.

"आता लावू नका कोनी. नवाले शिफ्ट बदलते. साडेनवाले लावू."

आणि मधल्या वेळात तिनं एकोणीस जणांच्या चिठ्ठ्या करून घेतल्या. पॉलिसी नंबर, गट नंबर, पीक, किती क्षेत्र, पाणी कोणत्या तारखेला शिरलं. याच क्रमानं. "तिच्या कॉम्प्युटरवर याच नंबरानं रकाने येते, तिले टाइप करता आलं पायजे." काकाजी आतून उठून आले, बाकड्यावर बसले, जुनी वही मांडीवर घेतली. पंचाहत्तरीचा माणूस. कोणी सांगितलं नव्हतं. "पहिला नंबर कोनाचा?"

साडेनवाला लागला. अकराव्या मिनिटाला उचलला. पलीकडे एक पोरगी. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" आवाज इतका घासलेला की शेवटचे शब्द ऐकूच आले नाहीत.

धाकटी तिच्या जुन्या आवाजात बोलली, मला तो आवाज माहीतच नव्हता. स्वच्छ, सावकाश, पुणेरी. पहिल्याचं सगळं एका दमात सांगितलं. टकटक ऐकू आली. तक्रार क्रमांक मिळाला. मग धाकटी म्हणाली की लाइन सोडू नका, माझ्याकडे आणखी अठरा शेतकरी बसलेत.

"मॅडम, एका कॉलमध्ये एकच घेता येतं. नियम आहे. माझा टाइम जातो."

"माहीत आहे. मी पण आठ वर्षं हेच केलंय."

पलीकडे काहीच आवाज नाही. खोलीतही नाही.

"जेवलीस का वं?" धाकटीनं विचारलं. पुणेरी पार गेलं होतं.

"नाही ताई," ती पोरगी म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, "सांगा दुसरा नंबर. भरभर सांगा."

तिनं चार घेतले. पाचव्याला लाइन गेली. तिनं ठेवला की कोणी तोडला, कळलं नाही. उरलेले चौदा पहाटेपर्यंत चालले, वेगवेगळ्या आवाजांशी. दोघांचे लागलेच नाहीत. (पैसे आले का म्हणाल तर काहींना आले, काकाजींना नाही.)

त्या चारांतला शेवटचा एक म्हातारा होता, आमच्या शेजारच्या शेताचा. क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्यानं घडी करून टोपीत ठेवली, उठला, आणि बंडीच्या खिशात हात घातला.

"किती झाले?"

काकाजींनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

"सत्तावीस मिनिटं," ते म्हणाले. "काई नाई झाले. जा."